खास शक्ती कागदावर भारी, टेबलावर फुसकी: दरवेळी असं का होतं आणि दुरुस्ती कुठे करायची

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेममधली ही तक्रार नेहमीचीच आहे. जीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने, जीव ओतून एक राक्षस रचलेला असतो. त्याची खास शक्ती नुसती वाचूनही अंगावर काटा येतो. प्रत्यक्ष सेशनमध्ये मात्र पार्टी, म्हणजे प्लेअरच्या कॅरेक्टरांची टोळी, त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) लोळवते आणि शक्ती वापरायची राहून जाते. नाहीतर ती वापरली जाते, पण कोणाला पत्ताच लागत नाही. प्लेअरच्या लेखी ते फक्त 'अजून बारा डॅमेज' असतं. आणि कधी ती इतकी चालते, की एक जण लढाई संपेपर्यंत मोबाइल चाळत बसतो.

प्लेअरच्या बाजूलाही हाच घोळ. खोटं ओळखणारी, उडणारी, वस्तूंशी बोलणारी कॅरेक्टर पहिल्या सेशनला सगळ्यांना आवडतात. चौथ्या सेशनपर्यंत जीएम वैतागतो, कारण त्याने रचलेलं प्रत्येक रहस्य एका प्रश्नात फुटत असतं.

अशा वेळी बहुतेक जण आकड्यांना हात घालतात. डीसी (शक्तीतून वाचायला फाशावर गाठायचा आकडा) दोनने वाढव, डॅमेजचा एक फासा कमी कर, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) दुप्पट कर. त्याने क्वचितच फरक पडतो, कारण बिघाड सहसा आकड्यांत नसतोच. मी कुठलीही खास शक्ती तपासताना आधी एकच प्रश्न विचारतो: हिच्यामुळे प्लेअर पुढच्या टर्नला काय वेगळं करणार? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर डीसी ११ असो की १९, शक्ती नादुरुस्त आहे. खालची सगळी दुरुस्ती या प्रश्नाभोवतीच फिरते. आकडे मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे घेतलेत, कारण ते बहुतेकांच्या ओळखीचे आहेत. तुमची सिस्टिम दुसरी असेल तर नावं बदलतील, दुखणं तेच राहील.

एक जण हात चोळत बसतो

सगळ्यात जास्त सेशन या प्रकाराने मारली जातात, म्हणून आधी हाच घेऊ. पॅरलाइझ, स्टन, पेट्रिफाय, झोप, मोहिनी, नाव काहीही असो, परिणाम एकच: तुझी टर्न गेली, पुढचा.

गणित करून बघा. डीसी १५ चा विस्डम सेव्ह (शक्तीतून वाचण्यासाठी टाकायचा फासा) आहे आणि फायटरचा बोनस शून्य. म्हणजे डी२० वर, वीस बाजूंच्या फाशावर, १५ किंवा जास्त पडायला हवेत, शक्यता ३० टक्के. एकदा अडकला की प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा तोच सेव्ह. तो किमान तीन टर्न गमावण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. बहुतेक लढाया तीन-चार राउंडमध्ये आटपतात. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा त्या प्लेअरने अख्खी लढाई प्रेक्षक म्हणून बघायची. पाच जणांच्या टेबलावर एक राउंड सहज पंधरा मिनिटं खातो, तेव्हा हा बिचारा पाऊण तास रिकामा. त्यात पॅरलाइझ झालेल्याला पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक हल्ला क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट) धरला जातो, तो वेगळाच.

तरी इथे निदान सुटकेची सोय आहे. इंटलेक्ट डिव्हाउररकडे बघा. हा मेंदूसारखा दिसणारा चार पायांचा प्राणी, चॅलेंज रेटिंग (राक्षस किती जड त्याचा आकडा) फक्त २, हिट पॉइंट २१. त्याच्या शक्तीसाठी डीसी १२ चा इंटेलिजन्स सेव्ह. नापास झालात की ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, टाकायचे. बेरीज तुमच्या इंटेलिजन्सइतकी किंवा जास्त आली तर इंटेलिजन्स शून्य, आणि निदान एक पॉइंट परत मिळेपर्यंत तुम्ही स्टन. इंटेलिजन्स ८ असलेल्या बार्बेरियनचं बघा: सेव्ह चुकण्याची शक्यता ६० टक्के, त्यानंतर ३डी६ मध्ये ८ किंवा जास्त पडण्याची जवळपास ८४ टक्के. दोन्ही मिळून एका प्रयत्नात साधारण निम्मी. यावरचा नियमातला सरळ इलाज म्हणजे ग्रेटर रिस्टोरेशन, पाचव्या पातळीचा स्पेल, जो क्लेरिकला (बरं करणारे स्पेल टाकणारं कॅरेक्टर) नवव्या लेव्हलला मिळतो. राक्षस दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीसमोर उभा राहणार आणि त्याचं औषध नवव्या लेव्हलला! कल्पना अफलातून आहे, मला हा प्राणी आवडतोही. पण तो जसाच्या तसा टेबलावर सोडायचा असेल तर औषधाची सोय जवळपास कुठेतरी ठेवूनच सोडावा.

दुरुस्ती अशी की टर्न हिरावायची नाही, ती महाग करायची. स्टनऐवजी 'हालचाल किंवा ॲक्शन, दोन्हींपैकी एकच'. पॅरलाइझऐवजी 'जागचा हलू शकत नाहीस, पण हात मोकळे आहेत'. मोहिनीऐवजी 'तिच्यावर हल्ला करायचा तर आधी १डी१० सायकिक डॅमेज सोस'. हा शेवटचा प्रकार माझा विशेष लाडका, कारण प्लेअर हमखास सोसतात, आणि ती निवड त्यांची स्वतःची असते.

पूर्ण बाद करणारी शक्ती हवीच असेल तर तिला पायऱ्या द्या. मेड्युसाची नजर अशीच चालते: डीसी १४ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह थोडक्यात चुकला तर आधी अंग आखडतं, माणूस रिस्ट्रेन होतो आणि पुढच्या टर्नच्या शेवटी दुसरी संधी मिळते. पाच किंवा जास्तने चुकला तरच जागीच दगड. शिवाय आधीच नजर वळवायची मुभा आहे. मग ती दिसत नाही, हल्ले डिसॲडव्हान्टेजने, म्हणजे दोन फाशांतला कमी आकडा धरून, होतात. म्हणजे दर टर्नला एक खरा प्रश्न समोर येतो: बघू की नको?

कोणाच्या लक्षातच येत नाही

दुसरं टोक. शक्ती चालू आहे, तुमच्या नोंदवहीत तिची गंमत तुम्हाला दिसते आहे, आणि टेबलावर मात्र शांतता.

१९८१ च्या फीन्ड फोलिओ या राक्षसांच्या पुस्तकात निलबॉग नावाचा प्राणी होता. गॉब्लिन उलटा केलेला, नावासकट. त्याला मारलं की त्याचे हिट पॉइंट वाढतात, आणि बरं करणारे स्पेल टाकले की तो जखमी होतो. कल्पना म्हणून खुसखुशीत. पण जीएम जर नुसताच 'लागला, किती डॅमेज? बरं, पुढचा' असं म्हणत राहिला, तर प्लेअरना एवढंच वाटणार की याचे हिट पॉइंट फार आहेत. चार राउंड कुटून झाल्यावर कळणारं रहस्य हे रहस्य राहत नाही, ती फसवणूक वाटते. पहिल्याच घावाला जखम मिटताना दाखवा, तो गुदगुल्या झाल्यासारखा खिदळू द्या, 'अजून एक!' म्हणू द्या. क्लेरिकने शेजारच्या मित्राला बरं करायला हात उचलला की याने दचकून मागे सरावं. उत्तर सांगायचं नाही, पण खूण लपवायचीही नाही.

यात जीएमचा कंजूषपणा आडवा येतो. आपण रचलेलं गुपित लगेच फुटेल याची धास्ती असते. माझा अनुभव उलटा आहे: जीएमला जी खूण अति ढळढळीत वाटते ती टेबलावर जेमतेम पोचते. पलीकडे बसलेल्यांना डोक्यात नकाशा सांभाळायचा असतो, स्वतःचे स्पेल आठवायचे असतात, आणि कोणीतरी मध्येच विनोद करत असतो. म्हणून प्रत्येक खास शक्तीसाठी मी स्टॅट ब्लॉकमध्येच (राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीत) एक ओळ लिहून ठेवतो: वापरण्याआधी काय दिसतं, वापरल्यावर काय ऐकू येतं. 'घशाखाली निळा उजेड साठतोय' एवढंही पुरतं. आता आडोसा घ्यायचा, पांगायचं की गळ्यावर वार करायचा, ते ठरवायला त्यांना एक टर्न मिळाली.

शक्ती कुठे लागते यालाही महत्त्व आहे. रस्ट मॉन्स्टर गेली पन्नासएक वर्षं टिकून आहे ते याचमुळे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत तो पहिल्यांदा आला. या खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने त्याचं रूप एका स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून घेतलं होतं. हिट पॉइंट २७, चॅलेंज रेटिंग अर्धं, म्हणजे तसा किरकोळच. पण त्याला लोखंडी तलवार लागली की तलवार गंजते, डॅमेजवर कायमचा उणे एक, आणि उणे पाचला तलवार संपली. मिशा लावून तो चिलखतही खातो. तीस फुटांवरच्या लोखंडाचा त्याला वास येतो. तो दिसला रे दिसला की टेबलावर काय होतं बघा: प्लेट आर्मरवाला फायटर, जो ड्रॅगनसमोरही मागे हटत नाही, तो सगळ्यांत आधी पळतो. काठीवाला विझर्ड पुढे होतो. कोणीतरी पिशवीतले खिळे, साखळ्या दूर भिरकावून त्याला तिकडे वळवतं. हिट पॉइंटला फारसा हात न लावता भूमिका उलट्यापालट्या झाल्या. नवी शक्ती सुचत नसेल तर हिट पॉइंट विसरा आणि प्लेअर ज्याला जपतात त्याची यादी काढा: सामान, उजेड, जागा, आवाज, नाव, आठवण, एकमेकांशी बोलणं.

एक राक्षस उघडून दुरुस्त करू

यादीतला 'उजेड' उचलू. समजा कल्पना अशी: सावली जमिनीला खिळवणारा राक्षस. नाव खिळेकरी.

पहिला खर्डा बहुतेकांच्या हातून असा उतरतो: '६० फुटांच्या आतल्या एका प्राण्याची सावली खिळेकरी खिळवतो. डीसी १५ विस्डम सेव्ह. नापास झाल्यास १ मिनिट पॅरलाइझ; प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह.' वाचायला झकास. पण नीट बघा, सावली कुठे आहे यात? हा सरळसरळ होल्ड पर्सन, माणसाला जागीच जखडणारा स्पेल, आहे, वरून शोभेचं वाक्य चिकटवलेलं. सावलीचा खेळाशी काही संबंधच नाही. प्लेअर सेव्ह टाकण्यापलीकडे काय करणार? काहीच नाही.

आता सावली खरीच आहे असं धरू. सावली आहे म्हणजे उजेड आहे, आणि उजेड कुठूनतरी येतो. खिळेकरी काळा खिळा फेकतो, तो माणसाच्या अंगाला नाही, त्याच्या सावलीत रुततो. साधा हल्ला, सावलीला एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १२. लागला की त्या माणसाचा वेग शून्य. हात चालतात, तोंड चालतं, स्पेल चालतात. खिळा सगळ्यांना दिसतो. सुटायचे मार्ग: कोणीही शेजारी येऊन एक ॲक्शन खर्चून खिळा उपटावा. किंवा ज्याच्या हातात मशाल आहे त्याने जागा बदलावी, सावली सरकते, खिळा नुसत्या फरशीत उरतो. किंवा उजेडच विझवावा. मात्र अंधारात खिळेकरी त्याच राउंडला कुठूनही कुठेही उगवू शकतो. आणि शेवटचा मार्ग, अगदीच निरुपाय झाला तर: हिसका मारून सुटणं. २डी६ डॅमेज आणि सावली फाटून तिथेच राहते. पहाट होईपर्यंत त्या माणसाला सावली नाही, म्हणजे खिळेकरी त्याला पुन्हा धरू शकत नाही. पण बिनसावलीच्या माणसाला गावातले लोक दारात उभं करतील का, ते पुढच्या सीनला बघू.

डीसी गायब झाला आणि तरी शक्ती जास्त भीतीदायक झाली. मशालवाला, ज्याच्याकडे एरवी कोणी ढुंकून बघत नाही, तो आता लढाईचा सेनापती. विझर्डला लाइट हा साधा कँट्रिप (कितीही वेळा फुकट टाकता येणारा स्पेल) अचानक सोन्यासारखा वाटतो. आणि कोणीतरी हमखास विचारतं, 'मी त्याचीच सावली खिळवली तर?' होय म्हणा. विचार करू नका, होय म्हणा.

राहिली पूर्वसूचना. खिळेकरी भेटण्याआधीच्या दालनात फरशीत खिळे रुतलेले दाखवा, भोवती काहीच नाही. पुढच्या वळणावर एक सांगाडा, आणि त्याच्या हाताजवळ मुद्दाम मातीत खुपसून विझवलेली मशाल. या दोन खुणा लढाईआधी, तिसरी लढाईत: खिळा लागताना खिळेकऱ्याची नजर माणसावर नसते, जमिनीवर असते. तीनपैकी एक खूण तरी कोणाच्या लक्षात राहतेच.

नकाशा न मांडता खेळत असाल तर कोन-बिन मोजत बसू नका. 'उजेड हलला की सावली हलली' एवढा नियम पुरे.

शक्ती वापरायची राहून जाते

हे दुखणं साधं आहे. राक्षस तीन राउंड जगतो, म्हणजे त्याला तीन ॲक्शन मिळतात, आणि तुम्ही त्याला सहा शक्ती दिल्यात. दोन ठेवा. सगळ्यात भारी जी आहे ती पहिल्याच टर्नला वापरा. शेवटासाठी राखून ठेवलेलं बहुधा राखलेलंच राहतं.

'रिचार्ज ५–६'वर फार विसंबू नका. दर टर्नला सहा बाजूंचा फासा टाकायचा, ५ किंवा ६ पडला तरच शक्ती परत. ही एक-तृतीयांश शक्यता, म्हणजे सलग दोन टर्न ती परत न येण्याची शक्यता ४४ टक्के. नशिबावर सोडण्यापेक्षा घटनेला बांधा: अर्धे हिट पॉइंट गेले की शक्ती परत येते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत याला ब्लडीड म्हणत, आणि २०२४ च्या नियमांत तो शब्द परत आलाय. थर्टीन्थ एज या दुसऱ्या खेळात दुसऱ्या राउंडपासून एस्कलेशन डाय नावाचा फासा दर राउंडला एकने चढतो, सहापर्यंत. तो टेबलाच्या मधोमध सगळ्यांना दिसतो. तुमच्या सिस्टिममध्ये नसला तरी असा एक फासा समोर ठेवायला कोणी अडवत नाही. फासा ३ वर आला की काहीतरी होणार एवढं प्लेअरना कळलं तरी लढाईला धार येते.

उत्तर सगळ्यांना आधीच पाठ आहे

ट्रोल. दर टर्नला १० हिट पॉइंट परत, आग किंवा ॲसिड लागलं तरच ते थांबतं. हे आता इतकं सर्वज्ञात आहे की पहिल्या सेशनला आलेला प्लेअरही मशाल काढतो. काही जीएम मग गुपचूप आगीच्या जागी दुसरंच काहीतरी ठेवतात. खुणा न पेरता असं केलंत तर प्लेअर चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त असेल.

उत्तर राहू द्या, ते महाग करा. ट्रोल तेलाच्या कोठारात ठेवा. किंवा गुडघाभर पाण्याच्या गुहेत, जिथे मशाल एकदा पडली की गेली. उत्तर ठाऊक आहे पण वापरता येत नाही, ही अवस्था उत्तर ठाऊक नसण्यापेक्षा कितीतरी मजेदार.

प्लेअरचीच शक्ती डोईजड झाली आहे

पहिली प्रतिक्रिया बंदीची असते. राक्षसांना अचानक मानसिक कवच फुटतं, प्रत्येक खलनायकाच्या गळ्यात मन वाचू न देणारा ताईत सापडतो. हे करू नका. प्लेअरने ती शक्ती निवडली म्हणजे त्याला ती वापरायची आहे. ती दरवेळी निकामी करणं म्हणजे त्याला ताटावरून उठवणं.

झोन ऑफ ट्रुथ हा दुसऱ्या पातळीचा स्पेल कसा लिहिलाय बघा. त्या वर्तुळात सेव्ह चुकलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, पण उत्तर टाळता येतं, सत्याच्या चौकटीत राहून आडवळणाने बोलता येतं. स्पेलमध्येच वाट ठेवलेली आहे. म्हणून खलनायकाला कवच देण्याऐवजी त्याला वकिली जीभ द्या. 'मी त्याला मारलं नाही' हे खरंच असू शकतं, जर त्याने फक्त दार उघडं ठेवलं असेल. याहून सोपी युक्ती: साक्षीदार प्रामाणिक असतो, पण चुकीचं समजून बसलेला असतो. खोटं पकडणारी शक्ती त्याच्यासमोर हतबल आहे आणि कोणी फसवलंही नाही.

वस्तूंशी बोलणाऱ्या कॅरेक्टरचा त्रास असा की खुनाच्या खोलीतली खुर्चीच खुन्याचं नाव सांगते. कुलूप घ्या. कुलपाला चेहरे कळत नाहीत, त्याला किल्ल्या कळतात. 'काल रात्री कोण आलं?' या प्रश्नावर ते म्हणेल, 'खरी किल्ली आली, पण हात थरथरत होता, दोनदा चुकली.' आरशाला डावं-उजवं उलट आठवतं. पायपुसण्याला फक्त तळवे ठाऊक. प्रत्येक वस्तू स्वतःच्या चिंतेतून बोलते, आणि प्लेअरला माहिती मिळते, निकाल मिळत नाही. वर एक छोटीशी किंमत लावा: ज्या वस्तूशी बोललात तीही तुम्हाला लक्षात ठेवते आणि पुढे विचारणाऱ्याला तुमच्याबद्दल सांगते. मग प्लेअर स्वतःच ठरवतो, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं.

'दिवसातून एकदा' वाल्या शक्तीचं दुखणं याच्या नेमकं उलट. ती जपून ठेवण्याच्या नादात कधी वापरलीच जात नाही. तिचे दोन भाग करा: एक फुटकळ रूप, हवं तेव्हा फुकट, एक मोठं, किंमत मोजून.

एवढं करूनही एखाद्याची शक्ती बाकीच्यांचे सीन खात असेल, तर राक्षसामार्फत निरोप पाठवू नका. सेशनच्या बाहेर, त्या प्लेअरशी थेट बोला आणि दोघांनी मिळून शक्ती नव्याने लिहा.

लढाई चालू असतानाच बिनसलं तर

जाहीर केलेला नियम गुपचूप फिरवू नका. डीसी १५ सांगून झाला असेल तर तो १५ च. पुढचं मात्र तुमच्या हातात आहे. राक्षसाला लक्ष्य बदलू द्या. शक्तीला दिसेल असा साठा द्या: खिळेकऱ्याच्या कमरपट्ट्याला चारच खिळे उरलेत, आणि एक त्याने आत्ता फेकला. आधी कागदावर नव्हतं, आता आहे. कोणाचाही टाकलेला फासा वाया गेला नाही. अडकलेल्या प्लेअरकडे तोवर राक्षसाच्या साथीदारांपैकी एखादा सोपवा. 'हा गॉब्लिन तू चालव' म्हटलं की मोबाइल खाली जातो, आणि तो आपल्याच पार्टीला जीएमपेक्षा निर्दयपणे झोडतो, हे मी आधीच सांगून ठेवतो.

सेशन संपल्यावर सामान आवरता आवरता सहज विचारा, 'तो नक्की काय करत होता, असं तुम्हाला वाटलं?' त्यांनी सांगितलेली शक्ती तुम्ही लिहिलेल्या शक्तीपेक्षा वेगळी निघाली, तर आधी दिसण्या-ऐकण्याची ओळ बदला, आकड्यांना हात लावू नका. आणि त्यांनी सांगितलेली जास्त चांगली निघाली, तर मुकाट्याने तीच स्टॅट ब्लॉकमध्ये उतरवून घ्या.